बारा लाकडांचा वाडगा

४ जानेवारी

धाकट्या,

पत्र बघून घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. फोनच करणार होते. पण फोनवर तू सगळं हसण्यावारी नेतोस आणि ठेवून दिल्यावर माझ्या लक्षात येतं की जे विचारायचं होतं ते राहूनच गेलं. कागदावर तुला पळता येत नाही, म्हणून कागद.

बातमी अशी की मी लाकूड कातायचं लेथ पुन्हा सुरू केलं. नऊ वर्षं त्यावर यांच्या औषधांची खोकी, चादरींचे गठ्ठे आणि एक मोडकी चाकाची खुर्ची असा संसार मांडलेला होता. हे गेल्यावरही वर्षभर मी त्या खोलीचं दार उघडलं नाही. उघडलं ते हस्तकला संस्थेमुळे. तिथल्या सात बायकांनी संचालकांकडे अर्ज केला की आम्हाला लाकूड कातायला शिकायचंय, आणि शिकवायला बाईच हवी. आता लाकूड कातणारी बाई या गावात आहेच कोण? संस्थेचे लोक माझ्या दारात आले. संचालक सभ्य माणूस आहे, पण त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं की एकसष्ट वर्षांच्या या बाईला अजून काही जमतं की नाही देव जाणे. म्हणाला, "आमच्या मंडळाला दाखवायला एखादं काम करून द्याल का?" मी म्हटलं, बारा लाकडांचा वाडगा करून देते. तोंडातून निघून गेलं. आता भोगतेय.

तुला आठवत नसेल म्हणून सांगते. एका लाकडाचे बारा तुकडे तिरपे कापून सरसाने जोडायचे, की एक कडी होते. अशा बारा लाकडांच्या बारा कड्या एकावर एक बसवायच्या आणि मग लेथवर चढवून वाडगा कातायचा. एकशे चव्वेचाळीस तुकडे. एकाचा कोन केसभर चुकला तर शेवटच्या सांध्यात फट राहते आणि सगळ्या जगाला दिसते. एक मार्चला मंडळ बघणार. पसंत पडला तर वर्ग माझा, नाही तर मी परत औषधांची खोकी लावायला मोकळी.

अकरा लाकडं जमली. शिसव आहे, साग आहे, चिंच, बाभूळ, आंबा, अक्रोड, सगळ्या रंगांची जत्रा भरलीय. मधोमध पिवळी कडी हवी, आणि तिच्यासाठी मला बाबांचा फणसाचा ओंडका हवा. तुझ्या लाकडाच्या वखारीत वरच्या मांडणीवर, मागच्या भिंतीला लागून. टोकाला बाबांनी खडूने 'ताई' लिहिलंय. त्यातला हातभर तुकडा कापून पाठव. वहिनीला सांग की तिच्या लोणच्याची बरणी मी परत करणार नाही.

ताई


१९ जानेवारी

ताई,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. वखारीत माल उतरत होता, माझी कंबर धरली होती आणि वहिनीने बरणीवरून माझंच डोकं खाल्लं. तू लेथ चालू केलंस हे वाचून मी वहिनीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, बघा, तुमची बहीण या वयात नवीन काम काढते आणि तुम्ही जुनंच उरकत नाही.

फणसाचं म्हणशील तर वरची मांडणी आता पूर्वीसारखी राहिली नाही गं. पुढे इतका माल रचलाय की मागे जायचं म्हणजे निम्मी वखार उपसायची. पिवळाच रंग हवा ना? माझ्याकडे हळदू आहे, सुंदर मुरलेलं, तुझ्या वाडग्यात शोभून दिसेल. ते पाठवतो. बाबांचा ओंडका असाच राहू दे की. कुठेतरी आहे, एवढं समाधान पुरे.

तब्येतीला जप. उभं राहून काम करतेस, गुडघ्यांना पट्टा बांध.

धाकटा


२४ जानेवारी

धाकट्या,

हळदू तुझ्या वखारीत ठेव आणि त्याची पूजा कर.

मी एकोणीस वर्षांची होते तेव्हा पहिली वाटी कातली. वेडीवाकडी होती, तुला आठवतं, तू तिच्यात पेन्सिली ठेवायचास. बाबांनी ती फक्त उलटसुलट करून पाहिली. दुसऱ्या दिवशी नवा आलेला फणसाचा ओंडका एकट्याने वर चढवला आणि खडूने माझं नाव लिहिलं. म्हणाले, "हा मुरू दे. तू पण मूर. दोघं तयार झालात की बघू." पुढे लग्न, संसार, मग यांचं आजारपण. दर खेपेला वाटायचं, अजून नाही, याहून चांगलं काहीतरी करीन तेव्हा तो काढीन. आता बाबा नाहीत, हेही नाहीत, आणि माझे गुडघे तू म्हणतोस तसे आहेत. अजून किती मुरू?

निम्मी वखार उपसावी लागली तरी उपस. एवढं एक काम सांगतेय.

ताई


२ फेब्रुवारी

ताई,

काढला बरं का तुझा ओंडका. दोन माणसं लावली, सकाळपासून दुपारपर्यंत. धूळ इतकी की वहिनीने मला अंगणातच आंघोळ घातली. खडूचं अक्षर पुसट झालंय पण दिसतं. दोन्ही टोकं थोडी तडकलीत, ती सोडून मधला चांगला भाग तुला कापून घेतला. बाबांच्याच ओंडक्यातला आहे, खात्री बाळग. रंग बघशील तर खूश होशील. ट्रकवाला तुमच्याच गावावरून जातोय, त्याच्या हाती देतोय. उरलेला ओंडका मी परत वर ठेवला, तो काढायला आता मला सांगू नकोस.

कामाला लाग. मंडळाच्या तोंडात बोटं जाऊ देत.

धाकटा


१३ फेब्रुवारी

धाकट्या,

तुकडा मिळाला आणि वाडगाही झाला. कालच शेवटचं तेल लावलं. इतकी दमलेय की ओळी तिरप्या जातायत. अक्षर लागलं नाही तर वहिनीकडून वाचून घे, तिचे डोळे तुझ्याहून बरे आहेत.

एक गंमत सांगते. तुझा तुकडा आला तेव्हा मी बाबांसारखा गालाला लावून पाहिला. मुरलेलं लाकूड गालाला गार लागत नाही, हे त्यांनी आपल्याला बाराखडीच्या आधी शिकवलं होतं. हा गार लागला. क्षणभर वाटलं, ओला आहे की काय. मग माझं मलाच हसू आलं. चाळीस वर्षं मुरलेला ओंडका ओला कसा असेल? माझा गालच म्हातारा झालाय. कापताना वास हिरवा आला आणि लेथवर चढवल्यावर त्या कडीची सालपटं लांबच लांब निघायला लागली. बाकीच्या लाकडांचा भुगा उडत होता, याची मात्र रिबीन. तेव्हाही हात थांबला माझा. पण नऊ वर्षं हत्यार न धरलेल्या हाताचं काय ऐकायचं? उद्या म्हणशील, बाबांनी ठेवलेल्या लाकडातही हिला खोट दिसते.

दिसतो मात्र असा की बघत राहावं. काळी शिसव, तिच्यावर लालसर बाभूळ, आणि मधोमध ही पिवळी कडी. मी तो जेवणाच्या टेबलावर ठेवलाय आणि येता-जाता हात फिरवते. सात जणी काल बघायला आल्या होत्या. त्यातली चष्मेवाली शिंपीण म्हणाली, "बाई, यातला एक तरी तुकडा मला कापता येईल का कधी?" मी म्हटलं, एक मार्चनंतर ये.

तू येशील ना? तुझ्याशिवाय कोणाला दाखवू?

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

वाडग्याचं वाचून फार बरं वाटलं. मला मात्र एक मार्चला येता येईल असं दिसत नाही. कामं आहेत, आणि कंबरही आहेच.

एक सुचवू का? एवढी घाई कशाला करतेस? मंडळाला सांग, पावसाळ्यानंतर दाखवते. नवीन जोडलेलं काम आहे, जरा स्थिर होऊ दे. आणि तोपर्यंत उन्हात, दिव्याखाली ठेवू नकोस. गार जागी, किंचित ओलसर फडक्यात गुंडाळून ठेवलास तर उत्तम. हे मी आपलं वखारवाला म्हणून सांगतो.

नाहीच ऐकलंस तर निदान फार वेळ बाहेर मांडून ठेवू देऊ नकोस.

धाकटा


५ मार्च

धाकट्या,

तू आला नाहीस ते बरंच झालं.

संस्थेच्या सभागृहात मंडळाची पाच माणसं, सात बायका आणि पंचवीसेक विद्यार्थी. वाडगा एका उंच टेबलावर ठेवला होता आणि नीट दिसावा म्हणून वरून दोन मोठे दिवे सोडले होते. संचालकांचं भाषण लांबलं. तासभर तरी तो त्या दिव्यांखाली होता. मग मला बोलायला उभं केलं. मी सांगत होते की एकशे चव्वेचाळीस तुकडे आहेत आणि एकही फट नाही. तेवढ्यात टक् असा आवाज आला. सुपारी फोडल्यावर येतो तेवढाच. मी बोलतच राहिले. पुन्हा टक्. तेव्हा सगळ्यांनी तिकडे पाहिलं. पिवळ्या कडीचे सांधे एकामागून एक उघडत होते. एका फटीतून पलीकडचा दिवा दिसायला लागला.

मंडळातल्या एका माणसाने वाडगा उचलून फटीत नख घातलं. फार वाईट हेतूने नाही, आपण दात दुखला की जीभ लावतो तसं. मला वाटलं कोणीतरी माझा पदर ओढतंय. मी काय म्हणाले माहितीये? म्हणाले, "माफ करा, कोन चुकला असणार. बऱ्याच दिवसांनी केलंय." संचालक म्हणाले, "असू द्या बाई, वयोमानाप्रमाणे होतं." आणि त्या सात जणी माझ्या पायांकडे बघत होत्या.

घरी येऊन मी प्रत्येक तुकड्याचा कोन मोजला. बरोबर आहेत सगळे. म्हणजे मोजण्यातही चुकत असणार मी. आता माझा कशावरच विश्वास नाही. बाबांनी चाळीस वर्षं सांभाळलेलं लाकूड मी एका महिन्यात वाया घालवलं. याची मला जी लाज वाटते ती मंडळाच्या लाजेपेक्षा मोठी आहे. ती मी तुलाच सांगू शकते, कारण ते लाकूड तुझ्याही बाबांचं होतं.

लेथ विकायचं ठरवलंय. जुनी यंत्रं घेणारा एक जण अठ्ठावीस तारखेला बघायला येतोय. त्या खोलीत भाडेकरू ठेवीन. बायकांना निरोप दिला की दुसरं कोणी शोधा.

तुझं ऐकून पावसाळ्यापर्यंत थांबायला हवं होतं.

ताई


११ मार्च

ताई,

पत्र मिळालं. वाईट वाटलं. पण मनाला लावून घेऊ नकोस. वय कोणाला चुकलंय? तू आयुष्यभर खूप केलंस, आता आराम कर. लेथ विकतेस ते एका परीने बरोबरच आहे, नुसतं जागा अडवून बसतं. भाडेकरू मात्र नीट बघून ठेव.

वहिनी आठवण काढते.

धाकटा


१३ मार्च

ताई,

परवाचं पत्र आधी पोचलं असेल तर फाडून टाक. पोचलं नसेल तर आल्यावर न उघडता फाड. ते लिहिणाऱ्या माणसाची मला किळस येते.

तुझा कोन चुकला नव्हता. लाकूड ओलं होतं. मला माहीत होतं.

बाबांचा ओंडका वखारीत नाही. सहा वर्षांपूर्वी एका हॉटेलवाल्याला रुंद फणस हवा होता, कुठे मिळत नव्हता, आणि मी तो त्याला देऊन टाकला. खडूचं अक्षर मी माझ्या बाहीने पुसलं. पुसट झालंय पण दिसतं असं तुला लिहिताना मला एकदाही अडखळायला झालं नाही, याचं आता नवल वाटतं. धूळ, दोन माणसं, अंगणातली आंघोळ, सगळं माझ्या मनाचं. तुला पाठवलेला तुकडा गेल्या उन्हाळ्यात पाडलेल्या झाडाचा होता. मी तो चार दिवस पत्र्यावर उन्हात टाकला, वरून कोरडा दिसावा म्हणून. आत पाणी होतं. दिव्याखाली ते सुकणार, लाकूड आकसणार आणि सांधे उघडणार, हे वखारवाल्याला कळत नसेल तर कोणाला कळेल? म्हणून तर तुला ओल्या फडक्यात गुंडाळायला सांगितलं. एक मार्चला मी इथे काही काम करत नव्हतो. वखारीत खुर्चीवर बसून होतो.

तुला वाटेल, नड होती म्हणून विकला. तेही नाही. नड असती तर मला सांगायला तोंड तरी असतं. मी विकला कारण मला वाटलं की तू आता कधीच कातणार नाहीस. भाऊजी अंथरुणावर, तू त्यांच्या उशाशी, लेथवर खोकी. मी भेटायला आलो होतो तेव्हा ती खोकी पाहिली आणि परत येताना मनातल्या मनात तुला मोडीत काढलं. तू जिवंत होतीस, माझ्याशी बोलत होतीस, मला चहा करून दिलास. मी मात्र तुझा हिशेब मिटवून टाकला होता. ओंडका नंतर विकला, तुला आधी विकलं.

आणि तू लिहिलंस की लाकूड गालाला गार लागलं आणि तुला हसू आलं. ते मी वखारीत उभ्याने वाचलं. तेव्हा एक फोन केला असता तर सगळं वाचलं असतं. जवळजवळ दोन आठवडे होते हातात. मी रोज सकाळी ठरवायचो आणि दुपारी विसरल्याचं सोंग आणायचो. शेवटी परवा तुला लिहिलं की वय झालं. ते पत्र मी वहिनीला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "एवढं कोरडं का लिहिलंत?" मग मी तिला सगळं सांगितलं. ती उठली आणि तुझ्या पत्रांचा गठ्ठा माझ्या हातातून काढून स्वतःच्या कपाटात ठेवला, माझ्याकडे राहिला तर विटाळेल असा.

लेथ विकू नकोस. माफी मागत नाही, मागायची लायकी नाही. फक्त लेथ विकू नकोस.

धाकटा


२६ मार्च

ताई,

तुझं उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

हे सांगायला लिहितोय की काल मी तुमच्या गावात होतो. तुझ्याकडे आलो नाही, हिंमत झाली नाही. सरळ संस्थेत गेलो. त्याच ओल्या लाकडाचा उरलेला तुकडा बरोबर नेला होता. संचालकांच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, मी वखारवाला, बाईंचा सख्खा भाऊ. लाकूड मी दिलं, ओलं दिलं, मुरलेलं सांगून दिलं. चूक त्यांची नाही. हे बोलल्यावर माझ्या वखारीचं नाव उरत नाही ते मला कळत होतं. बाबांचं नाव आहे दारावर. तरी बोललो. वाटलं, आता तरी तुझं नीट होईल.

संचालकांनी तुकडा हातात घेतला, वजन पाहिलं, परत ठेवला. म्हणाले, "म्हणजे बाईंना ओलं लाकूड ओळखता आलं नाही."

मी तुकडा जवळ ओढून घेतला.

ते म्हणाले, "कोन चुकला असं आम्ही समजत होतो. हाताची चूक सरावाने जाते, म्हणून मी मंडळाला सांगणार होतो की त्यांना आणखी एक संधी द्या. पण ज्यांना लाकूडच कळत नाही त्यांच्या हाती सात जणी कशा सोपवायच्या? तुम्ही आलात ते बरं केलंत."

ताई, मला तिथे म्हणता आलं असतं की तिने ओळखलं होतं, तिचं तसं पत्रच आहे. पण ते म्हणायचं तर पुढचंही सांगावं लागलं असतं, की ओळखूनही तिने लावलं. ते तुला बरं की वाईट, हेच मला कळेना. मी तसाच उठलो. दारात ती चष्मेवाली बाई उभी होती. तिने सगळं ऐकलं असावं. तिने मला वाट दिली, आणि वाट देताना अंग चोरून घेतलं.

नीट करायला गेलो आणि उरलंसुरलंही घालवून आलो. तू सांगशील ते करीन. काही सांगितलं नाहीस तर तेही समजून घेईन.

धाकटा


९ एप्रिल

धाकट्या,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. अकरा तारखेचं फाडलं नाही. ते मी चार वेळा वाचलं, कारण त्यातलं अक्षरन् अक्षर मला तेव्हा पटलं होतं. तुझ्या खोट्या पत्रावर मी मान डोलावली, ही माझी लाज आहे आणि ती तुझ्या वाट्याला घालता येत नाही.

लेथवाला अठ्ठावीसला आला होता. त्याला चहा दिला आणि परत पाठवलं. तू विकू नकोस म्हणालास म्हणून नव्हे. तुझं तेरा तारखेचं पत्र वाचून मी त्या खोलीत गेले, तुझ्या तुकड्यातलं उरलेलं ओलं आणि एक सुकं लाकूड घेतलं, डोळे मिटून गालाला लावलं. मग पदराने तोंड पुसून पुन्हा लावलं. दहा वेळा केलं. दहाही वेळा बरोबर आलं. माझा गाल म्हातारा झाला नव्हता रे. माझ्या हातात काही बिघडलं नव्हतं.

शिंपिणीने मला संचालकांचं बोलणं येऊन सांगितलं. ती सांगताना रडत होती, मीच तिला पाणी दिलं. दोन तारखेला मी न बोलावता मंडळासमोर गेले. फुटका वाडगा पिशवीत होता, तो त्याच टेबलावर ठेवला. सात जणी मागे बसल्या होत्या. मी म्हटलं, मी लाकूड ओळखलं होतं. गालाला गार लागलं, वास हिरवा होता, सालपट लांब निघत होतं. तीन वेळा माझा हात थांबला होता.

संचालकांनी विचारलं, "मग लावलंत का?"

धाकट्या, मी बाबांच्या अंत्यदर्शनाला उभी राहिले, यांच्या उशाशी आठ वर्षं बसले, पण त्या प्रश्नाचं उत्तर देण्याइतकं अवघड काही केलं नव्हतं. म्हटलं, "भावाने मुरलेलं आहे असं सांगितलं, म्हणून."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. एकसष्ट वर्षांची बाई, बापाकडून कातकाम शिकलेली, आणि हातातलं लाकूड काय सांगतंय ते सोडून चिठ्ठीत काय लिहिलंय ते खरं मानते. त्या सात जणींपैकी निम्म्या घरी विचारून आल्या होत्या. त्यांच्या देखत मी हे बोलले. सगळ्यात धाकटी आहे तिने मान खाली घातली आणि बराच वेळ वर केली नाही. तिला काय आठवलं असेल ते मी विचारलं नाही.

मंडळाने यंदा वर्ग दुसऱ्या गावच्या एका कारागिराला दिला. मला म्हणाले, हवं तर त्यांच्या हाताखाली मदतीला या. मी हो म्हटलं. तुला वाटेल, ताईने मान तुकवली. तुकवली. पण सात जणींना लाकूड निवडायला तो कारागीर वेळ देणार नाही, तो थेट लेथवर चढवतो. निवडायचं काम माझ्याकडे आलंय. सोमवारपासून जातेय. पहिल्या दिवशी ओलं-सुकं ओळखायला दिलं, तिघींचं चुकलं, चौघींचं बरोबर आलं. चुकलेल्या तिघींपैकी एकीचं मुळात बरोबरच होतं, शेजारणीकडे बघून बदललं तिने.

आता तुझं. तुला बरं वाटावं म्हणून मी लिहिणार होते की राग नाही. दोनदा लिहून खोडलं. राग आहे. ओंडक्याचा एवढा नाही, तो शेवटी लाकूड होता, कोणाच्या तरी टेबलात असेल, चार माणसं त्यावर जेवत असतील. तू माझ्या घरी चहा प्यालास आणि मला मेलेली धरून परत गेलास, याचा आहे. आणि त्याहून मोठा राग याचा की तेव्हा मीही स्वतःला तशीच धरली होती, त्यामुळे मला तुला धड दोषही देता येत नाही.

वखारीच्या दारावरचं बाबांचं नाव काढू नकोस. वहिनीने लिहिलंय की तू पाटी उतरवून ठेवलीस. परत लाव. त्या नावाखाली उभं राहून जे गिऱ्हाईक विचारेल त्याला खरं सांग. तेवढी शिक्षा पुरे आहे, आणि ती सोपी नाही.

या महिन्यात इकडे येऊ नकोस. पुढच्या महिन्यातही नको. फोन करू नकोस, मला तुझा आवाज ऐकून लगेच विरघळायचं नाहीये. मी बोलावीन. कधी ते मलाच माहीत नाही.

पण बोलावलं की ये.

ताई